पाळ बांधणाऱ्यांचे ऋण

रोहिणी सरतात, मृग लागतो. दरवर्षी जूनच्या ७ किंवा ८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात शिरतो आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या गावांतून तीच जुनी लगबग नव्याने सुरू होते. धुऱ्यांची डागडुजी, बियाण्याची निवड, पऱ्ह्यांसाठी राखलेल्या बांधीची मशागत आणि हे सारे करताना पुन्हा पुन्हा आभाळाकडे वळणारी नजर. हवामानाचा अंदाज आता हातातल्या मोबाइलवर येतो. तरी लाखांदूरपासून तुमसरपर्यंतचा धानउत्पादक मृगाचा मान राखूनच बियाण्याला हात घालतो. पेरणी ही मुळात भरवशाची कृती आहे. जे दाणे घरी शिजवता आले असते ते आपण मातीच्या स्वाधीन करतो आणि महिनोन्‌महिने वाट पाहतो. म्हणून हा मुहूर्त शेतीपुरता राहत नाही. गेल्या वर्षी आपण काय राखले, या वर्षी काय मातीत घालणार आणि ते कोणासाठी, याचा हिशेब मनाशी मांडण्याचा हा दिवस आहे.

याच मुहूर्ताच्या आगेमागे, ८ जूनला, जगभर मेंदूच्या गाठींविषयीचा जागृती दिवस पाळला जातो. रुग्णांना साहाय्य करणाऱ्या जर्मनीतील एका संस्थेने २००० साली त्याचा आरंभ केला. मृगाचा आणि या दिवसाचा संबंध योगायोगापलीकडचा नाही. तरीही धानाच्या या मुलुखात राहणाऱ्या आपल्याला हा योगायोग थोडा वेळ थांबवून ठेवतो. ज्या दुखण्यावर अजून पुरते औषध नाही, त्याच्यासाठी आज आपल्याला काही करून ठेवता येईल का, हा प्रश्न या दिवसाने विचारावा आणि मृगाच्या तोंडावर आपण तो मनावर घ्यावा, असे वाटते.

हे दुखणे दूरचे नाही. वरठीला, भंडारा रोड स्थानकाच्या फलाटावर, दुपार कलताना मुंबईकडे जाणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्यांत असे एखादे कुटुंब आपण कधी ना कधी पाहिलेले असते. एकाच्या हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्याच्या हातात एमआरआयच्या फिल्मांचे मोठे पाकीट. ते पाकीट सामानात कोंबले जात नाही. ते दुमडू नये, त्यावर पाणी सांडू नये म्हणून कोणीतरी ते रात्रभर मांडीवर आडवे धरून नेते. त्यातल्या काळ्या फिल्मवर, करड्या मेंदूच्या मधोमध किंवा कडेला, एक पांढरा डाग असतो. तो डाग म्हणजे नेमके काय, आणि त्याचे पुढे काय होणार, हे विचारायला ही माणसे परळच्या किंवा खारघरच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयात निघालेली असतात. नागपूरच्या फेऱ्या तोवर होऊन गेलेल्या असतात. त्याआधीचे काही महिने सकाळी उठताच असह्य होणाऱ्या डोकेदुखीत, कारण नसताना होणाऱ्या उलट्यांत, हातातून अचानक सुटणाऱ्या पेल्यात गेलेले असतात. चष्म्याचा नंबर, पित्त, जागरण, कोणाची तरी नजर, असे सगळे तर्क करून झाल्यावर एक दिवस आयुष्यात पहिल्यांदाच झटका येतो, आणि मग तपासण्यांची रांग लागते.

अशा घरात पहिला प्रश्न उमटतो तो ‘आमचे काय चुकले?’ हा. त्याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच नाही’ हेच असते. डोक्याला पूर्वी मिळालेला मोठ्या मात्रेचा किरणोत्सर्ग आणि काही मोजक्या आनुवंशिक व्याधी सोडल्या, तर मेंदूच्या कर्करोगाची ठाम म्हणावी अशी कारणे अजून हाती लागलेली नाहीत. उपचारही अवघड. आतड्यातली गाठ काढताना सर्जन भोवतालचा चांगला भागही सोबत काढून टाकू शकतो. मेंदूत ती मुभा नाही, कारण गाठीच्या शेजारीच बोलणे असते, हाताची हालचाल असते, मुलांची नावे असतात. गाठीच्या पेशी निरोगी मेंदूत पसरत जातात, आणि रक्तातले विष मेंदूत शिरू नये म्हणून निसर्गाने उभारलेली भिंत बहुतेक औषधांनाही बाहेरच अडवते.

या रोगाचा सर्वांत उग्र प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. युरोप आणि कॅनडातील रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००५ साली आले. शस्त्रक्रियेनंतर नुसता किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य १२.१ महिने भरले. सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या घेतलेल्यांचे १४.६ महिने. वरवर पाहता अडीच महिन्यांचा फरक. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले होते. म्हणजे पूर्वी दहांतला एक जण दोन वर्षांचा टप्पा ओलांडत होता, आता चारांतला एक ओलांडू लागला. आजही जगभरच्या उपचाराचा पाया तोच आहे. विज्ञानाची पावले येथे लहान पडतात, पण पडतात. आणि ती कोण टाकतो, हे पाहणे आजच्या दिवशी अगत्याचे आहे.

ती पावले बहुधा अशी माणसे टाकतात जी सकाळी रुग्ण तपासतात आणि दुपारी प्रयोगशाळेत बसतात. नुसत्या डॉक्टरला प्रश्न दिसतो, पण त्याच्या मुळाशी जायला वेळ नसतो. नुसत्या शास्त्रज्ञाला वेळ असतो, पण खाटेवरचा माणूस त्याच्यासमोर नसतो. दोन्ही अंगांनी वावरणारा दुर्मीळ, आणि म्हणूनच मोलाचा. महाराष्ट्राने असा एक थोर माणूस पाहिला आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर विकृतिशास्त्र शिकून लंडनहून परतले आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी घेतली. १९४५ मध्ये त्यांनी आपल्या लोकांच्या चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार जगापुढे मांडले: तंबाखू-चुना तोंडात धरून ठेवल्याने होणारा, चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा आणि धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने कमरेवर होणारा. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीपासून माणसाच्या नेसणीपर्यंत ज्याची नजर पोहोचते, त्यालाच असा शोध लागतो. चौकाचौकांत तंबाखूचा खर्रा घोटला जाणाऱ्या आपल्या भागाला तर खानोलकरांचे ते काम आजही आरसा दाखवते. मेंदूच्या गाठींचा खर्र्याशी संबंध आढळलेला नाही. पण रुग्णाच्या जगण्यातून प्रश्न उचलायचा आणि प्रयोगशाळेत त्याचे उत्तर शोधायचे, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

पुढे केंद्र सरकारने खानोलकरांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. ज्याने काम सिद्ध केले आहे त्याला पोटापाण्याच्या आणि पदोन्नतीच्या विवंचनेतून मोकळे करून ‘आता शोध घे’ असे सांगणारी ही जागा. अशा जागेचे फळ एका माणसापुरते राहत नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्याच हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. एकाला बसायला जागा मिळाली की त्याच्याभोवती शिष्य जमतात आणि मग विद्या त्या जागेवर वस्तीला येते.

त्या वस्तीचे आजचे रूप खारघरच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात दिसते. मेड्युलोब्लास्टोमा ही मुख्यतः लहान मुलांच्या लहान मेंदूत होणारी गाठ. ती वरून एकसारखी दिसली तरी तिचे चार निरनिराळे जनुकीय गट आहेत आणि प्रत्येकाचे भवितव्य वेगळे आहे, हे कळले. पण तो गट ओळखायचा कसा? बहुतेक परदेशी पद्धतींना ताजा, गोठवून ठेवलेला नमुना लागे आणि खर्च मोठा येई. आपल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर ऊतीचा तुकडा मेणाच्या लहानशा ठोकळ्यात जपून ठेवतात. गावोगावचे रुग्ण तोच ठोकळा आणि काचपट्ट्या डबीत घालून मुंबईला आणतात. डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या या मेणातल्या ऊतीवरूनही गट ओळखता येईल अशी चाचणी विकसित करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. साकोलीच्या किंवा पवनीच्या पोरासोबत त्याच्या बापाने आणलेल्या त्या ठोकळ्यातून उत्तर काढता आले पाहिजे, ही निकड आपल्या रुग्णांत राहणाऱ्या संशोधकालाच जाणवते.

त्याच संस्थेत डॉ. तेजपाल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न घेतला. ज्या गटातली मुले उपचारांना उत्तम दाद देतात, त्यांच्या कोवळ्या मणक्याला किरणोपचार टाळता येईल का? चाचणी सुरू झाली, पण मणक्यात रोग परततो आहे असे दिसताच ती थांबवण्यात आली, आणि किरणोपचार पूर्ण न टाळता त्याची मात्रा कमी करण्याचा दुसरा मार्ग धरला गेला. यश म्हणून असे काम मिरवता येत नाही. परंतु कोठे थांबायचे हे ज्ञान त्यातूनच आले, आणि उद्याची कित्येक मुले त्या ज्ञानाच्या आधाराने बरी होतील.

येथे काळाचे माप ध्यानात घ्यावे. टाटा मेमोरियलमध्येच डॉ. राकेश जलाली यांच्या पुढाकाराने २००१ च्या एप्रिलमध्ये एक चाचणी सुरू झाली. मेंदूत सौम्य किंवा मंदगती गाठी असलेल्या ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचा किरणोपचार, दुसऱ्याला गाठीवर अधिक नेमका रोखलेला. मग पाच वर्षे त्यांची बुद्धी, स्मरण आणि संप्रेरके मोजत राहिले. निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते २०१७ मध्ये: नेमक्या किरणोपचाराने जगण्याची शक्यता कमी न होता मुलांची बुद्धी अधिक टिकते. अमेरिकेत २००८ मध्ये काही ग्लायोमांमध्ये आयडीएच नावाच्या जनुकातला बिघाड आढळला. त्या बिघाडावर बेतलेल्या व्होरासिडेनिब या औषधाला तेथे मान्यता मिळाली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या प्रश्नांना, सोळा-सोळा वर्षे. एवढ्या काळात शाळेत जाणारे मूल कमावते होते. सरकारी प्रकल्पाचे अनुदान मात्र बहुधा तीन वर्षांचे, फार तर पाच. ते संपले की नवा अर्ज, नवी प्रतीक्षा, आणि मधल्या काळात हाताशी तयार झालेले सहकारी पांगतात. तीन वर्षांच्या दोरीने सोळा वर्षांच्या विहिरीचे पाणी निघत नाही.

विद्यापीठातले निधियुक्त अध्यासन हे या अडचणीवरचे जगाने शोधलेले जुने उत्तर. दाता एक मोठी रक्कम कायमची ठेव म्हणून देतो. ती ठेव मोडायची नाही. तिच्या उत्पन्नातून एका प्राध्यापकाचे वेतन, त्याच्या रुग्णसेवेचा भार हलका करणारा साहाय्यक, नमुने जपणारे शीतकपाट, रुग्णांच्या घरी दरवर्षी फोन करून विचारपूस करणारी परिचारिका, असा खर्च चालत राहतो. प्राध्यापक निवृत्त होतो, त्या आसनावर दुसरा येतो. काम तुटत नाही. ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिज येथील लेडी मार्गारेट यांच्या नावाची अध्यासने १५०२ पासून चालू आहेत. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाला तारकनाथ पालित यांनी दिलेल्या संपत्तीतून भौतिकशास्त्राचे अध्यासन उभे राहिले; चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वित्त खात्यातली अधिक पगाराची नोकरी सोडून १९१७ मध्ये ते स्वीकारले आणि १९२८ मध्ये त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम शोधला.

ही कल्पना इतरांना समजावून सांगावी लागेल. भंडाऱ्याच्या माणसाला तिची ओळख करून देण्याचे कारण नाही, कारण आपण तिच्याच काठावर राहतो. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळापासून उतार पाहून, नाला अडवून, मातीच्या पाळी घातल्या आणि त्यांतून हजारो तलाव पूर्व विदर्भात उभे राहिले. शिवनीबांध असो, की आता गोंदिया जिल्ह्यात गेलेले नवेगावबांध, ज्यांनी ती माती वाहिली त्यांच्यातल्या कितीकांनी त्या पाण्यावरचा पुरता बहर पाहिलाही नसेल. त्यांनी पाणी साठवले, ते साठवणीला धक्का न लावता पाटाने बांध्यांत कसे सोडायचे याचे नियम घातले, आणि हाताची माती झटकून ते निघून गेले. आज आपल्या ताटात पडणारा भात त्यांच्या त्या दूरदृष्टीचे व्याज आहे. अध्यासनाचा निधी अगदी असाच चालतो. पाळ शाबूत ठेवायची, पाटाचे पाणी वापरायचे.

आणि तलावांनी आपल्याला दुसरा, कडू धडाही दिला आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. ती संपणे न्यायाचेच होते. पण तलाव सरकारजमा होताना त्यांची निगा कोणाची, हा प्रश्न सुटला नाही. पूर्वी उन्हाळ्यात गाव जमून गाळ काढी आणि पाळीवर माती चढवी. तलाव सर्वांचा झाला आणि निगा कोणाचीच उरली नाही. ‘माजी मालगुजारी’ या नावाने उरलेले हे मामा तलाव गाळाने उथळ होत गेले. निधीलाही असाच गाळ चढतो. त्याचे नाव महागाई. सारे व्याज दरवर्षी खर्चून टाकले, तर वीस वर्षांनी आकडा तोच राहतो आणि त्यात प्राध्यापकाचा पगारही भागत नाही. म्हणून उत्पन्नाचा एक भाग दरवर्षी मुद्दलात परत घालावा लागतो. उदाहरणादाखल ५ कोटींच्या ठेवीवर वर्षाला ७ टक्के, म्हणजे ३५ लाख मिळाले, तर ४ टक्के, म्हणजे २० लाख वापरावेत आणि १५ लाख मुद्दलात मिळवावेत. विश्वस्त डोळस हवेत, हिशेब उघडा हवा, आणि आसनावर कोण बसेल हे गुणवत्तेने ठरावे, दात्याच्या मर्जीने नव्हे. एवढे पथ्य पाळले तर पाळ फुटत नाही.

‘औषधच नाही, मग पैसे कशाला घालायचे?’ असे कोणी म्हणेल. त्याला १९३१ सालची आठवण करून द्यावी. त्या वर्षी जूनमध्ये लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. तेव्हा ल्युकेमिया म्हणजे निरुपाय. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी दुःखात बुडालेल्या त्या काळातच, १९३२ मध्ये, पत्नीच्या स्मरणार्थ न्यास स्थापला, आणि त्याच्या उत्पन्नातून देशोदेशींच्या ल्युकेमिया संशोधकांना साहाय्य मिळू लागले. त्याच वर्षी जूनमध्ये दोराबजीही गेले. ल्युकेमियाग्रस्त मुलांना औषधाने तात्पुरता का होईना उतार पडतो, हे सिडनी फार्बर यांनी जगाला दाखवले ते १९४८ मध्ये; आणि त्या उपचारामागच्या ॲमिनोप्टेरिनच्या निर्मितीत आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूचा हात होता. आज तीव्र ल्युकेमिया झालेली बहुसंख्य मुले, योग्य उपचार मिळाले तर, बरी होतात. दोराबजींनी देणगी दिली तेव्हा यातले काहीही क्षितिजावर नव्हते. उपाय दिसू लागल्यावर सगळेच देतात. दिसत नसताना देणाऱ्यांमुळे तो दिसू लागतो. ग्लायोब्लास्टोमा आज पुष्कळसा तेथेच उभा आहे, जेथे ल्युकेमिया तेव्हा उभा होता.

दानाची ही रीत आपल्या मातीलाही परकी नाही. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या सुमारे ३५ लाखांच्या संपत्तीतून नागपूर विद्यापीठाची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ मध्ये उभी राहिली, आणि २०२३ मध्ये ती स्वतंत्र विद्यापीठ झाली. खेडोपाडी आरोग्याचा, स्वच्छतेचा मंत्र देणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कर्करोगाने आपल्यातून गेले. नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय त्यांच्या नावाने रुग्णसेवा करते आणि विद्यापीठही त्यांचेच नाव मिरवते. संत-समाजसुधारकांच्या विचारांसाठी आपल्या विद्यापीठांत अध्यासने आहेत, ती असायलाच हवीत. त्यांच्याच शेजारी रुग्णाच्या उशाशी बसून संशोधन करणाऱ्या डॉक्टरसाठी एखादे आसन असावे, ही मागणी त्या संतांच्या शिकवणीला धरूनच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो बाजूला सारता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळे गेली. ज्या जिल्ह्याने हे सोसले, तेथे आधी वीज, यंत्रे, परिचारिका, रात्रपाळीचा डॉक्टर, की संशोधनाचे अध्यासन? आधी रुग्णालयाच्या त्या गरजाच, याबद्दल दुमत असू शकत नाही. त्या भागवणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते त्याच्याकडून करून घेणे हे आपले. परंतु निकडीच्या कामापायी लांबचे काम सदैव पुढे ढकलले, तर आपल्या मुलांना पुन्हा रात्रभर पाकीट मांडीवर धरूनच मुंबई गाठावी लागेल. घरात आजारी माणूस असतानाही शेतकरी पऱ्हे टाकायचे चुकवत नाही. दोन्ही कर्तव्ये एकाच संसाराची आहेत.

आणि आता भूमीही तयार होते आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा आरंभ झाला, त्यांत भंडाऱ्याचे एक आहे. नागपूरला १९४७ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्स आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला बागची आणि पार्थसारथी कुटुंबांनी २०२२ मध्ये ४२५ कोटी रुपये दिले, ते रुग्णालयासोबतच डॉक्टर आणि संशोधक अशी दोन्ही अंगे असलेली माणसे घडवण्यासाठी. एवढी ऐपत आपली नसेल. पण वैनगंगाकाठच्या आणि नागपूरच्या गिरणीमालकांनी, तांदळाच्या व्यापाऱ्यांनी, पतसंस्थांनी, पुण्या-मुंबईला आणि परदेशी स्थिरावलेल्या आपल्या लेकीसुनांनी मिळून पूर्व विदर्भासाठी एक अध्यासन उभे करणे आवाक्याबाहेरचे नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नागपूरला आहे म्हणून आसन नागपूरला असावे. त्यावर बसणाऱ्याने महिन्यातले ठरावीक दिवस भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या रुग्णांमध्ये घालवावेत, पहिल्या झटक्यापासून निदानापर्यंत किती काळ जातो हे नोंदवावे, आणि आपल्या नव्या महाविद्यालयातली दोन-चार मुले दरवर्षी या वाटेला लावावीत. जिल्ह्याच्या रुग्णांची नीट ठेवलेली नोंद हीच अशा संशोधनाची पहिली पायरी असते, आणि तिला मोठी यंत्रे लागत नाहीत.

आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने आपण काहीतरी करतोच. तेरवीला पंगत बसते, सप्ताहात अन्नदान होते, शाळेला पंखे दिले जातात, मंदिराच्या पायरीवर नाव कोरले जाते. या चालीत मायाच आहे आणि ती मोडायची नाही. तिच्यात एक भर मात्र घालता येईल. ज्या घराने मेंदूच्या गाठीने माणूस गमावला, त्याने पंगतीतला एक वाटा अशा निधीत टाकावा. ज्या ग्रामसभा मामा तलावाचा गाळ काढायला एकत्र येतात, त्यांनी वर्षाला थोडे का होईना त्यात घालावे. थेंब लहान असला तरी तो न खर्चता साठत जाणार आहे, हे या दानाचे वैशिष्ट्य. आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडेही देण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीचा तुकडा संशोधनासाठी ठेवायला समजून-उमजून संमती देणे, बरे वाटू लागले तरी दरवर्षी तपासणीला जाणे, रुग्णालयातून आलेल्या फोनला उत्तर देणे. मुंबईतल्या त्या २०० रुग्णांची कुटुंबे वर्षानुवर्षे परत येत राहिली, म्हणूनच त्या चाचणीचे उत्तर मिळाले. ज्ञानाच्या कामात रुग्णही दाताच असतो.

पाळ बांधणाऱ्यांचे ऋण आपल्यावर आहे आणि ते त्यांना फेडता येत नाही. ते पुढच्यांनाच फेडावे लागते. मेंदूच्या कर्करोगावरचा उपाय केव्हा आणि कोणाच्या हाताला लागेल, हे आपण ठरवू शकत नाही. शोधणाऱ्याला सोळा वर्षे निश्चिंत बसता येईल अशी जागा करून देणे आपल्याला शक्य आहे. नागपूर आणि भंडाऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी, डॉक्टरांच्या संघटनांनी आणि जिल्ह्याच्या दानशूरांनी या पावसाळ्यात एकत्र बसावे, विश्वस्त नेमावेत, नियम लिहावेत आणि पहिली ठेव बँकेत घालावी. पुढच्या मृगाला आपण पुन्हा वर्षाचा हिशेब मांडू, तेव्हा त्यात ही नोंद असली पाहिजे.